तांदळाच्या कणीएवढ्या जीवाला नाव द्यायला अडीच वर्षं?

नेरूळचा_मामा
भाची ठाण्यात राहून पीएचडी करते. तमिळनाडूतल्या मंडपमच्या किनाऱ्यावरून आणलेल्या सागरी गवतात तिला एक ॲम्फिपॉड सापडलाय. कोळंबीचा लांबचा चुलतभाऊ म्हणा, लांबी तीन मिलिमीटर. तिच्या मते ही नवी प्रजाती. अडीच वर्षं झाली, अजून 'वर्णन' चालूच! परवा गेलो तर सूक्ष्मदर्शकाखाली दोन सुयांनी त्याचा जबडा सोडवत बसली होती. म्हणे मिशा, तोंडाचे भाग, पाय मिळून अवयवांच्या १९ जोड्या आणि प्रत्येकीचं चित्र काढायचं.

रागावू नका, पण पाम बीच रोडवरून जाताना ओहोटीला खाडीचा जो वास येतो, त्यावर या हुशार पोरांनी डोकं चालवावं की किड्याच्या मिशा मोजाव्यात? तो बिननावाचा सुखात होता.

तिवरांखाली
मामा, तो 'सुखात' ज्या गवतात होता ते शेवाळ नव्हे. मुळं-फुलं असलेली खरी वनस्पती आहे, तिला ऊन लागतं. पानांवर शेवाळाची पुटं चढली की ऊन अडतं. असे बरेच ॲम्फिपॉड ती पुटं खरवडून खातात. म्हणजे फुकटचे माळी.

शिवाय यांची मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वाढवते, पिल्लं तयार होऊनच बाहेर पडतात. प्रवाहाबरोबर दूर वाहत जाणारी अळी यांच्यात नसते. त्यामुळे एखादी प्रजाती एवढ्याशा टापूतच असू शकते. तेवढं गवत नांगरलं गेलं की खेळ खलास, आणि काय गेलं हेही कळणार नाही.

घणसोली_एक्सप्रेस
माळी वगैरे ठीक. पण चित्रं कशाला? डीएनए काढा, मोकळे व्हा. २०२६ मध्ये हाताने पाय रेखाटणं म्हणजे टाइपरायटरवर ईमेल.

तिवरांखाली
डीएनएही बघतातच. पण नवी म्हणायची तर जुन्यांशी ताडून बघायला नको? जुन्या प्रजातींची ओळख चित्रांतून आणि संग्रहालयातल्या बाटल्यांमधून. फॉर्मालिनमध्ये मुरलेल्या नमुन्यातून धड डीएनए मिळणं मुश्कील. शेवटी पायाशी पाय लावूनच बघावा लागतो.

घणसोली_एक्सप्रेस
बरं, दिलं नाव. पुढे? छोट्या रोहित पक्ष्याला (लेसर फ्लेमिंगो) शास्त्रीय नाव मिळालं १७९८ मध्ये. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाला धडकून तीसहून जास्त मेले. नावाने वाचले?

तिवरांखाली
नाव म्हणजे ताईत नाही हो. पण ठाणे खाडीत २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) मिळाला, ते कागद कशाच्या जोरावर? 'कसलेतरी गुलाबी पक्षी येतात' एवढ्यावर अधिसूचना निघत नाही. कुठल्याही प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात बिननावाच्या जीवाला रकानाच नसतो.

दिवाळ्याची_कोळीण
तुम्ही दोघं भांडा, मी जरा मधे येते. जवळा, करंदी, कोळंबी आमच्या आजीला अंधारातही हाताने वेगळी करता यायची. जवळ्याला १८३० मध्ये फ्रान्सच्या माणसाने ॲसिटिस इंडिकस म्हटलं, म्हणजे काय तोवर आम्ही बिननावाचा खात होतो? नाव ठेवण्याचं कौतुक शहराला जास्त.

तरी पोरगी करते ते आजीचंच काम, फक्त भिंगाखाली. आजीला अडीच वर्षं लागली नसती, पण तिला कुणी मिशा मोजायलाही सांगितल्या नव्हत्या. आणि मामा, खाडीच्या वासाचं खापर पोरीवर नको. वास काढायला नवा शोध लागत नाही, सांडपाणी शुद्ध करून सोडावं लागतं.

घणसोली_एक्सप्रेस
+१, शेवटच्या वाक्याला. बाकी माझं मत कायम: आधी इथली खाडी, मग मंडपम.

नेरूळचा_मामा
काल धागा भाचीला वाचायला दिला. म्हटलं, निदान प्रजातीला मामाचं नाव तरी दे. म्हणाली, "आधी किडा म्हणणं सोडा, किड्याला सहाच पाय असतात." धागा अर्धाच वाचला. सातव्या पायाचं चित्र राहिलंय म्हणे.