लॅमिनिन की मऊपणा : चेतामूलपेशी नेमके कशाचे ऐकतात?

फोंडा_विद्यार्थी

मी गोव्यात जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात शिकत असून प्रकल्पासाठी उंदराच्या भ्रूणातील चेतामूलपेशी, म्हणजे ज्यांपासून मेंदूच्या पेशी घडतात त्या मूलपेशी, वाढवीत आहे. या पेशींभोवतीचे मॅट्रिक्स (पेशींबाहेरचे आधार देणारे जाळे) मेंदूइतके मऊ असल्यास न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, अधिक घडतात आणि ते कडक असल्यास ग्लिया, म्हणजे त्यांना साथ देणाऱ्या पेशी, असे वाचनात वारंवार येते. माझ्या प्लेटी मात्र साध्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे मेंदूहून लाखो पटींनी कडक आहेत. तरीही लॅमिनिन या मॅट्रिक्समधील प्रथिनाचा थर देऊन वृद्धिघटक (पेशींना वाढीचा संकेत देणारी प्रथिने) काढून घेतले की न्यूरॉन दिसू लागतात. नुसत्या पॉलिऑर्निथिनवर, म्हणजे प्लेटला दिलेल्या चिकट कृत्रिम थरावर, पेशींचे गोळे चिकटतात, पण त्यांतून पेशी बाहेर फारशा पसरत नाहीत. मग लॅमिनिनचे रसायन हेच खरे कारण, असे प्रबंधात लिहिले तर चालेल का?

तिसवाडी_प्रयोगशाळा

तसे लिहू नका. परीक्षक पहिल्याच वाक्याला अडवतील. तुमच्या प्रयोगात कडकपणा सगळीकडे सारखाच आहे, त्यामुळे त्याच्याविषयी त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

मऊपणाचा दाखला म्हणून 2006 सालचा जो प्रयोग सर्रास दिला जातो, तो अस्थिमज्जेतील मेसेन्कायमल या वेगळ्याच मूलपेशींवरचा होता. चेतामूलपेशींसाठी 2008 साली अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या गटाने केलेले काम पाहावे. प्रौढ उंदरांच्या पेशींवरील त्या कामात, मिश्र माध्यमात, म्हणजे न्यूरॉन आणि ग्लिया या दोन्ही वाटा खुल्या असताना, सुमारे 100 ते 500 पास्कल (कडकपणाचे एकक; आकडा लहान तितके मऊ) इतक्या जेलवर न्यूरॉनांचे प्रमाण वाढले आणि 1,000 ते 10,000 पास्कलवर ग्लियांचे. सुमारे 10 पास्कलइतक्या अतिमऊ जेलवर मात्र पेशी नीट पसरल्याच नाहीत. म्हणजे कडकपणा प्रमाण बदलतो, दार बंद करीत नाही, आणि वृद्धिघटक काढून घेण्याचा संकेत जोरदार असला की कडक प्लास्टिकवरही न्यूरॉन होतातच.

लॅमिनिनचे काम निराळे आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील इंटिग्रिन नावाची प्रथिने त्याला धरतात आणि त्या पकडीतून पेशीच्या सांगाड्यापर्यंत व पुढे केंद्रकापर्यंत संदेश पोहोचतो. पॉलिऑर्निथिन केवळ विद्युतभारामुळे चिकटवते. तुमचे गोळे चिकटूनही पसरत नाहीत, ते बहुधा यामुळेच. पण ही पकड ताणूनच पेशी खालच्या पृष्ठभागाचा कडकपणा जोखते, त्यामुळे रसायन आणि मऊपणा हे दोन वेगळे उमेदवार मानता येत नाहीत.

तिसरी बाजू वृद्धिघटकांची. प्रौढ मेंदूत पार्श्वनिलयाच्या, म्हणजे आतल्या द्रवभरल्या पोकळीच्या, भिंतीलगत फ्रॅक्टोन नावाच्या बारीक रचना असतात आणि त्यांतील हेपारन सल्फेट ही साखरेची साखळी एफजीएफ-2 हा वृद्धिघटक पकडून ठेवते. आपल्या खाडीकाठच्या खाजन शेतीत मानशीच्या (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या फाटकाच्या) दारावर जसे ठरते की खारे पाणी किती आणि केव्हा आत यावे, तसे इथे वृद्धिघटकाच्या बाबतीत घडते. प्लेटवर तो घटक आपण पिपेटने एकदम ओततो, आणि त्यामुळे मॅट्रिक्सचे हे काम आपल्याला दिसतच नाही.

तेव्हा एकाच कडकपणाच्या जेलवर लॅमिनिनचे प्रमाण बदलून पाहा, आणि मग लॅमिनिन तेवढेच ठेवून कडकपणा बदला. जेलवर प्रत्यक्षात किती लॅमिनिन बसले तेही मोजा, नाहीतर सगळी तुलना फुकट. पॉलिऑर्निथिन नीट धुऊन काढा, कारण उरलेला अंश पेशींना घातक ठरतो, आणि लॅमिनिन दिल्यावर प्लेट कोरडी पडू देऊ नका.

म्हापसा_बालरोग

प्रयोगशाळेबाहेरची एक गोष्ट जोडतो. वॉकर-वॉरबर्ग या जन्मजात विकारात पेशीच्या पृष्ठभागावरील डिस्ट्रोग्लायकन या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या नीट चढत नाहीत आणि त्याची लॅमिनिनवरील पकड ढिली पडते. भ्रूणाच्या मेंदूत रेडियल ग्लिया, म्हणजे मूलपेशीच, आपला लांब धागा मेंदूच्या बाह्य पृष्ठभागावरील पायाभूत पटलाला, म्हणजे लॅमिनिन असलेल्या मॅट्रिक्सच्या पातळ थराला, टेकवून उभ्या असतात. त्या पटलाला खिंडारे पडली की स्थलांतर करणारे न्यूरॉन थांबायच्या जागी न थांबता बाहेर निसटतात आणि मेंदूचा पृष्ठभाग खडबडीत होतो. मॅट्रिक्स म्हणजे पेशींमधले भरण, अशी समजूत असणाऱ्यांनी अशा मुलाचा एमआरआय एकदा पाहावा.

फोंडा_विद्यार्थी

आपणा दोघांचे आभार. जेल बनवण्याची सोय आमच्याकडे नाही. मॅट्रिजेल हे तयार विकत मिळणारे मॅट्रिक्स वापरले तर भागेल का?

तिसवाडी_प्रयोगशाळा

पेशी जगवायला भागेल, कारण शोधायला नाही. मॅट्रिजेल उंदराच्या एका अर्बुदातून काढतात. त्यात लॅमिनिन, चौथ्या प्रकारचे कोलॅजेन, एंटॅक्टिन, हेपारन सल्फेट प्रोटिओग्लायकन आणि थोडे वृद्धिघटकही असतात, शिवाय दर बॅचची घडण थोडी वेगळी. कशाने काय झाले, हे त्यातून सांगता येणार नाही. पॉलिअ‍ॅक्रिलअमाइडचे जेल त्या मानाने स्वस्त असते आणि मोनोमर व जोडरसायन यांचे प्रमाण बदलून त्याचा कडकपणा ठरवता येतो. मात्र त्यावर लॅमिनिन आपोआप बसत नाही, ते रासायनिक बंधाने जोडावे लागते. तरीही मॅट्रिजेलच घेणार असाल, तर कुपी फ्रिजमध्ये बर्फावर रात्रभर वितळवा आणि पिपेटची टोकेही थंड ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात ते उबेने टोकातच घट्ट होऊन बसते.