मदत हवी आहे: एम51 चे दोन डेटा क्यूब शेजारी-शेजारी जुळवायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एम51 या सर्पिल दीर्घिकेचे दोन क्यूब (आकाशाचे दोन अक्ष आणि तिसरा वेगाचा किंवा वारंवारितेचा, असा त्रिमितीय डेटा) घेतलेत: एक अणुरूप हायड्रोजनचा (1420.4 मेगाहर्ट्झ), दुसरा रेणुरूप वायूचा माग दाखवणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा (115.27 गिगाहर्ट्झ). भुजांवर अणुरूप वायू कुठे आणि रेणुरूप कुठे, हे एकेका वेगाला पाहायचंय.

डीएस9 या खगोलीय प्रतिमा पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही फ्रेम टाइल करून डब्ल्यूसीएसने (आकाशातल्या निर्देशांकांनी) लॉक केल्या की आकाशातली जागा अचूक बसते. एकीत झूम केलं की दुसरीही सोबत सरकते, फार छान वाटतं. घोडं अडतं तिसऱ्या अक्षावर. एका क्यूबचा अक्ष वेगाचा, दुसऱ्याचा वारंवारितेचा. स्लाइस क्रमांकाने लॉक केल्यावर एकीकडे 460 किमी प्रति सेकंद, तर दुसरीकडे भलताच वेग दिसतो.

पायथनच्या स्पेक्ट्रल-क्यूब या पॅकेजने दोन्ही अक्ष आधी वेगात आणावेत का? वेगाच्या रेडिओ आणि ऑप्टिकल व्याख्येतला फरक या वेगाला जेमतेम 0.7 किमी प्रति सेकंद, तो चालेल. पण एका फाइलच्या हेडरमधले वेग सूर्यकेंद्री आणि दुसरीतले एलएसआर (सूर्याजवळच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीला धरलेल्या) चौकटीतले आहेत. एम51 च्या दिशेला तो फरक सुमारे 12 किमी प्रति सेकंद होतो. तो कोणत्या टप्प्यावर काढता?

की सरळ कार्टा हे क्यूब पाहायचं दुसरं सॉफ्टवेअर वापरावं? त्यात वर्णपटही जुळवता येतो. लॅपटॉप 8 जीबी रॅमचा आहे आणि दुपारी लाइन गेली की सगळं बॅटरीवर. मोठे क्यूब अशा मशीनवर कोणी चालवले असतील तर कसे, ते जरूर सांगा.