लोकशाही देश परदेशातून सैन्य माघारी का घेतात?

उत्तरायण:
"चार शवपेट्या आल्या की लोकशाही देश पळ काढतात" हे ऐकून कान किटले. मला हे पटत नाही. नेदरलँड्समध्ये अफगाणिस्तानातल्या उरुझगान प्रांतातली लष्करी मोहीम लांबवायची की नाही यावरून फेब्रुवारी २०१०मध्ये पंतप्रधान बाल्केनेंडे यांचं आघाडी सरकार पडलं. आघाडीतला मजूर पक्ष मतदारांना दिलेला परतीचा शब्द मोडायला तयार नव्हता. ऑगस्टमध्ये डच मोहीम संपली. याला भ्याडपणा कसं म्हणायचं? कॅनडाने दीडशेहून अधिक सैनिक गमावले, तरी २०११पर्यंत अफगाणिस्तानातल्या कंदाहारमध्ये लढत राहिला.

पांथस्थ:
आणि लेबनॉनमधलं बैरूत? २३ ऑक्टोबर १९८३च्या स्फोटात २४१ अमेरिकन सैनिक गेले, फेब्रुवारीत रेगन यांनी माघार जाहीर केली. सोमालियात मोगादिशूला १९९३मध्ये १८ जण गेले, लगेच क्लिंटननी परतीची तारीख सांगून टाकली. समोरच्याला काय समजायचं? जिंकायची गरज नाही, तग धरली की पुरे. २०२०मध्ये दोह्यात तर अमेरिकेने तालिबानला अफगाणिस्तान सोडायची १४ महिन्यांची मुदत लेखी दिली!

उत्तरायण:
बैरूतचंच बघा. मरीन्सना, म्हणजे तिथल्या अमेरिकन सैनिकांना, काम काय दिलं होतं? नुसतं 'हजर राहणं'. पहारेकऱ्यांच्या रायफलींना गोळ्यांचं मॅगझिनसुद्धा लावलेलं नव्हतं. कशासाठी मरायचं हे सरकारलाच सांगता येत नसेल, तर लोकांनी पाठिंबा द्यायचा तरी कशाला? दक्षिण कोरियात अमेरिकन फौज सात दशकं आहे, कारण तिथलं काम स्पष्ट आहे.

पांथस्थ:
कोरियात १९५३पासून युद्धविराम आहे, शवपेट्या येत नाहीत. म्हणून कुणी विचारत नाही. तुमचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं.

अबोली:
दोघेही यजमान देशाला विसरलात. आपली शांतिसेना १९८७मध्ये कराराने श्रीलंकेत गेली, हजाराहून अधिक जवान गमावले. १९८९मध्ये श्रीलंकेचे अध्यक्ष प्रेमदासांनीच "निघा" म्हटलं, त्यांच्या सरकारने तमिळ वाघांशी (एलटीटीई या बंडखोर संघटनेशी) बोलणी सुरू केली. मार्च १९९०मध्ये शेवटची तुकडी परतली. दिल्लीत सत्तांतर झालं नसतं तरी यजमानाच्या मर्जीविरुद्ध किती दिवस राहणार होतो?

पांथस्थ:
हा मुद्दा मान्य. पण दोह्याच्या करारावर काबूल सरकारची सही नव्हती. अमेरिकेने यजमानाला डावलून तालिबानला तारीख दिली आणि हजारो दुभाषे व्हिशाची वाट बघत मागे राहिले. माघार लोकांच्या मताने घ्या, पण ज्यांनी साथ दिली त्यांना आधी बाहेर काढा आणि मग तारीख जाहीर करा.