ग्रंथसूची, संदर्भसूची की साधने?

प्रश्न: शिरपूरला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शोधनिबंध खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांवर आहे. शेवटी ‘ग्रंथसूची’ असा मथळा दिला, पण त्यात पुस्तकं निम्मीच. बाकी गावातल्या आजीबाईंनी गायलेली गाणी, जुनं गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ), एक संकेतस्थळ. कोणता शब्द वापरू? आणि गाणाऱ्या बाईंना काय म्हणू?

उत्तर: ताई, ग्रंथसूची फक्त ग्रंथांची. तुमच्या यादीला संदर्भसूची म्हणा. पण तुमच्या विषयासाठी ‘साधने’ हा शब्दही हाताशी ठेवा. ज्यांची अखेर धुळ्यात झाली त्या इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 22 खंडांना ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हेच नाव दिलं. ज्यावरून आपण लिहितो ते साधन, ते कुठे सापडेल हे सांगणारी नोंद म्हणजे संदर्भ. आजीबाईंचं गाणं हे अस्सल साधन. कोणी, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला गायलं आणि ध्वनिमुद्रण कोणाकडे आहे, हा त्याचा संदर्भ.

गाणाऱ्या बाईंना काही जण ‘माहितीदार’ लिहितात. मला तो शब्द खटकतो, गाणं म्हणजे काही नुसती माहिती नव्हे. ‘निवेदक’ चालेल, ‘गायिका’ त्याहून बरं. त्यांची परवानगी असेल तर पूर्ण नाव द्या. बहिणाबाईंची गाणी पुस्तकरूपात आली 1952 मध्ये, त्यांच्या निधनानंतर, आणि ती त्यांच्याच नावानं. उतरवून घेणाऱ्याचं नाव गाणाऱ्याच्या जागी जाता कामा नये.

मुलाखतीची नोंद मात्र तुमच्याकडे संदर्भ देण्याची कोणती पद्धत चालते ते बघून करा; एपीए आणि एमएलए या त्यातल्या दोन. एपीए पद्धतीत स्वतः घेतलेली मुलाखत वाचकाला मिळण्याजोगी नसेल तर ती मजकुरातच कंसात येते, सूचीत येत नाही. एमएलए पद्धतीत ती सूचीतही येते.

दुसरं उत्तर: यात ‘उद्धृत’ हा शब्दही हवा. चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख घ्या. गणिती भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढल्याचं त्यात आहे. तो संस्कृतचे अभ्यासक किलहॉर्न यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’ या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या पहिल्या खंडात छापला. तुम्ही दगडावरचा लेख वाचला नसेल, छापील वाचन पाहिलं असेल, तर संदर्भ किलहॉर्न यांचा. तेही पाहिलं नसेल, एखाद्या अलीकडच्या पुस्तकात त्यातला उतारा मिळाला असेल, तर त्या पुस्तकाचं नाव देऊन ‘मध्ये उद्धृत’ असं लिहा. न पाहिलेल्या साधनाचा थेट संदर्भ देणं हे खोटं बोलणंच आहे, मग परीक्षकाच्या लक्षात येवो न येवो.

तळटीपांत ‘तत्रैव’ (म्हणजे ‘तिथेच’) फक्त लगतच्या आधीच्या टीपेसाठी. मध्ये दुसरा संदर्भ आला की ‘पूर्वोक्त’ (आधी सांगितलेलं), सोबत लेखकाचं नाव आणि पान.

आणि गॅझेटिअर 1880 चं असेल तर ‘खानदेश’ असंच लिहा. पूर्व आणि पश्चिम खानदेश हे जिल्हे 1906 मध्ये झाले. आजच्या सोयीसाठी तिथे ‘जळगाव’ किंवा ‘धुळे’ घातलं, तर ग्रंथालयात तो खंड कोणाला सापडणार नाही.