'पोर्टोलान'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मध्ययुगात भूमध्य समुद्रावर वापरल्या जाणाऱ्या 'पोर्टोलान' नकाशांवर लेख लिहितेय. 'सागरी नकाशा' फार मोघम वाटतो. 'बंदरनकाशा' चालेल का?

उत्तर १ : त्यानं एकाच बंदराचा नकाशा वाटेल. इटालियनमधला 'पोर्तोलानो' म्हणजे लेखी मार्गदर्शिका : कुठल्या बंदरातून कुठे, कोणत्या दिशेला, किती अंतर. नकाशाला हे नाव मागाहून चिकटलं. उपलब्ध नमुन्यांत सर्वांत जुना बहुधा 'कार्टा पिसाना', तेराव्या शतकाच्या अखेरचा; तो पॅरिसला राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हे नकाशे कातड्यावर काढायचे. गावांची नावं किनाऱ्याला काटकोनात, जमिनीच्या बाजूला लिहिलेली, म्हणून वाचताना कातडंच फिरवावं लागतं. महत्त्वाची बंदरं लाल शाईत.

खरी करामत नकाशावरच्या दिशादर्शक रेघांच्या जाळ्यात आहे. निघायचं आणि गाठायचं बंदर जोडणारी पट्टी ठेवायची, तिला समांतर रेघ जाळ्यात शोधायची आणि होकायंत्र पाहत जहाज त्या दिशेला धरायचं. अंतर मापपट्टीवरून काढायचं. अक्षांश-रेखांशांचा पत्ताच नाही! म्हणून माझं मत 'दिशारेषी नकाशा'.

प्रश्नकर्ती : पाठ्यपुस्तकी वाटतो हो. नाखवा, सुकाणू यांच्या पंगतीत बसेल असं काही नाही का?

उत्तर २ : ते दोन्ही शब्द फारसी-अरबीतून आलेत, पण या नकाशाला तिथूनही काही मिळेलसं दिसत नाही. 'दिशारेषी'च ठेवा, त्याला एक कारण आहे. १४९८ मध्ये वास्को द गामाला पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीहून कालिकतकडे आणणारा वाटाड्या गुजराती होता, असं पोर्तुगीज इतिहासकार बारोश सांगतो. नाव देतो 'मालेमो काना'. यातला 'मालेमो' म्हणजे अरबी 'मुअल्लिम', गुजरातीत 'मालम', म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. त्यानं हिंदुस्थानच्या किनाऱ्याचा जो नकाशा दाखवला त्यावर आडव्या-उभ्या रेषांच्या बारीक चौकटी होत्या, वाऱ्यांच्या म्हणजे दिशांच्या रेघा नव्हत्या, असंही बारोश लिहितो. तो स्वतः त्या मोहिमेवर नव्हता, तेव्हा तपशील जपून घ्या. पण दोन पद्धतींतला फरक नेमका या रेघांवरच येतो, आणि तुमच्या शब्दात तो दिसायला हवा.

प्रश्नकर्ती : पटलं. पहिल्यांदा दोन्ही शब्द देईन, पुढे नुसतं 'पोर्टोलान'. आणि जाळ्यातल्या दिशेच्या रेघेला, 'रंब' रेषेला, काय म्हणू?

उत्तर १ : सरळ 'वाऱ्याची रेघ' म्हणा. भूमध्य समुद्रावरचे खलाशी दिशा वाऱ्यांच्या नावांनीच ओळखत : त्रामोंताना म्हणजे उत्तर, शिरोक्को म्हणजे आग्नेय.