मदत हवी आहे: बीएस्सीनंतरच्या रिसर्च ट्रेनिंगला गावाकडची मुलं कुठून आणू? (अर्जंट)

पेट्रीडिश:
आमच्या लॅबमध्ये एक वर्षाचं ट्रेनिंग सुरू होतंय, 12 जागा. ज्यांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही अशी मुलं यावीत, आदिवासी, भटक्या-विमुक्तांतली, असा हेतू. वेबसाइटवर जाहिरात टाकली तर 63 अर्ज आले आणि जवळजवळ सगळे पुण्यातल्याच त्या चार कॉलेजांतले. सोमवारी यादी द्यायचीय. मॅडम म्हणतात मुलंच येत नाहीत तर आपण काय करणार. पटकन सांगा.

घोडेगावकर:
विषय? स्टायपेंड? राहायची सोय? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

पेट्रीडिश:
मायक्रोबायोलॉजी, अर्थात. स्टायपेंड आहे.

नेटग्रस्त:
किती ते सांगा ना राव. आणि वर्ष घालवून पुढे काय? त्यापेक्षा जॅम (आयआयटी वगैरेंतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) द्या, एमएस्सी करा, नेटची परीक्षा काढा, जेआरएफला, म्हणजे पीएचडीच्या फेलोशिपला, महिना 37,000 आहेत. नेट मी तिसऱ्यांदा देतोय.

कोथरूडची मावशी:
माझ्या भाच्याला बीएस्सीला 78 टक्के आहेत, डेक्कनवरच्या कॉलेजात होता. घेतील का?

निवृत्त मास्तर:
आम्हाला कोणी आमंत्रण द्यायला आलं नव्हतं. गुणवत्ता असेल तर मुलगा येतोच.

घोडेगावकर:
मास्तर, आमच्या घोडेगावजवळच्या डिंभे धरणाच्या वरच्या अंगाची पोरं आश्रमशाळेतून बीएस्सीपर्यंत येतात. कॉलेजात मायक्रोस्कोपला नंबर लागत नाही, प्रॅक्टिकल म्हणजे मागच्या वर्षीचं जर्नल उतरवून काढणं. गुणवत्ता दिसणार कुठून?

दुर्बीण:
28 फेब्रुवारीला नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात विज्ञान दिनाला तुफान गर्दी असते, तिथे स्टॉल टाका.

नेटग्रस्त:
ती शाळेची पोरं असतात हो. आणि फेब्रुवारी कुठे, सोमवार कुठे.

घोडेगावकर:
धागाकर्ते, फॉर्ममध्ये काय काय मागितलंय ते टाका आधी.

पेट्रीडिश:
नेहमीचंच. 60 टक्के, दोन शिफारसपत्रं, आधीचा लॅब अनुभव, इंग्रजीत 500 शब्दांचं स्टेटमेंट. स्टायपेंड 14,000 महिना, पण फंड उशिरा येतो म्हणून पहिल्या तीन महिन्यांचे नंतर एकदम मिळतात. हॉस्टेल नाही.

घोडेगावकर:
घ्या! अनुभव असता तर ट्रेनिंगला कशाला आला असता? आणि तीन महिने खाणावळ, कॉट आणि डिपॉझिट कोण भरणार, बाप? माझा चुलतभाऊ बीएस्सी होऊन दोन वर्षं सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसलाय एमपीएससीला. घरचे पैसे पाठवतात कारण पोरगा साहेब होईल हे त्यांना कळतं, रिसर्च करून काय होतो हे सांगायला आमच्याकडे आजवर कोणी आलेलं नाही. वेबसाइट सोडा. घोडेगाव, जुन्नर, राजगुरुनगरच्या कॉलेजांतल्या विभागप्रमुखांना फोन लावा, पुण्यातल्या आदिवासी आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत गृहपालांना भेटा, विद्यापीठात कमवा आणि शिकावाली पोरं गाठा. मराठीत एक पान करून व्हॉट्सअपवर सोडा, त्यावर स्टायपेंडचा आकडा पहिल्या ओळीत.

निवृत्त मास्तर:
मराठीत? रिसर्च पेपर काय मराठीत वाचणार?

अगरप्लेट:
सर, पेपर वाचायला तिथे शिकवतीलच की. मी स्वतः शिफारसपत्रापायी एक संधी घालवलीय, आमच्या सरांना माझं नावही माहीत नव्हतं. त्याऐवजी दहा मिनिटं फोनवर बोला मुलांशी.

पेट्रीडिश:
मॅडमशी बोललो. अनुभवाची अट काढली, पत्रांचं बघू म्हणाल्या, स्टायपेंडचं अकाउंट्सवाले ऐकत नाहीयेत. मुदत 10 दिवस वाढली. उद्या वाकडेवाडीवरून नारायणगावची एसटी धरतो.

घोडेगावकर:
घोडेगावला यायचं तर मंचरला उतरा, नारायणगाव पुढे राहिलं. आणि पहिल्या महिन्याचे पैसे कोण देणार ते ठरवून या, पोरं तेच विचारतील.

कोथरूडची मावशी:
मुदत वाढली ना, मग भाच्याचा अर्ज टाकू का?