मदत हवी आहे: ग्राफिक्स कार्डावर ताण आला की संगणक बंद पडतो आणि मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय सुरू होत नाही

नमस्कार. सुटे भाग आणून घरीच जोडलेल्या डेस्कटॉपच्या एका दुखण्याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे. येथील दुरुस्तीवाल्यांच्या मते मदरबोर्ड गेला आहे. मला मात्र संशय एसएमपीएसचा, म्हणजे सर्व भागांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायचा आहे आणि बोर्ड सोडवून वॉरंटीसाठी पाठवण्याआधी, म्हणजे काही आठवडे संगणकाविना काढण्याआधी, त्या संशयाची खात्री कशी करावी हे विचारायचे आहे.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, एनव्हीएमई एसएसडी आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड अशी जोडणी आहे. हे सर्व नवे आहे. एसएमपीएस तेवढा आधीच्या संगणकातला, २०१८ साली घेतलेला, ५५० वॉटचा आणि ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा आहे. कार्ड साधारण ११५ वॉट घेते, प्रोसेसरची कमाल मर्यादा ८८ वॉट आहे आणि बाकीचे सर्व धरले तरी बेरीज ३०० वॉटच्या वर जाऊ नये. त्यामुळे कागदावर तरी ५५० वॉट भरपूर आहेत.

लक्षण असे आहे. गेम सुरू केल्यावर कधी दहा मिनिटांत, कधी तासाभराने, निळा पडदा न येता, आवाज न अडकता, संगणक तारच उपसावी तसा बंद होतो. त्यानंतर पुढचे बटण कितीही दाबले तरी पंख्यांची पातीसुद्धा हलत नाहीत, मात्र मदरबोर्डावरचा छोटा दिवा जळतच असतो, म्हणजे संगणक बंद असतानाही मिळत राहणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा शाबूत आहे. एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करून मिनिटभर थांबले आणि पुन्हा चालू केला, की संगणक काही झालेच नाही अशा थाटात सुरू होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (घडामोडींच्या नोंदवहीत) दर वेळी कर्नल-पॉवर ४१, म्हणजे संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याची नोंद मिळते आणि तिच्यातला बगचेक (चुकीचा) कोड शून्य असतो. विंडोजला स्वतःला काही चूक आढळली नाही, वीजच गेली, इतकाच त्याचा अर्थ मी घेतो.

विंडोज नव्याने टाकून पाहण्याचा सल्ला बहुधा पहिलाच येईल, म्हणून सांगतो की पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून कार्डावर ताण दिला तेव्हाही हेच घडले. रॅमची मेमटेस्टने रात्रभर तपासणी केली, एकही चूक निघाली नाही. रॅमचा वेग वाढवणारे एक्स्पो प्रोफाइल बंद करूनही फरक पडला नाही. प्रोसेसरचे तापमान ८० अंशांच्या आत आणि कार्डाचे ७० च्या आसपास राहते. कॅबिनेटच्या पत्र्याला बोर्ड कुठे टेकत असेल या शंकेने सर्व भाग बाहेर काढून बोर्डाच्या खोक्यावर मांडून चालवले, तरी तेच.

मला सर्वांत बोलके वाटलेले दोन प्रयोग आता सांगतो. कार्ड काढून, प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सवर पडदा जोडून, प्रोसेसरवर कित्येक तास पूर्ण ताण दिला, तेव्हा संगणक एकदाही बंद पडला नाही. नंतर कार्ड पुन्हा बसवून त्याची वीजमर्यादा सॉफ्टवेअरने ७० टक्क्यांवर आणली, तर गेम अडचणीविना चालले. मर्यादा पूर्ववत केली की दुखणे परत येते. कार्डाच्या ८ पिनी जोडणीत मागच्या बाजूने मल्टीमीटरच्या टोच्या घालून पाहिले असता निवांत असताना १२.०८ आणि ताणाखाली ११.६ व्होल्ट दिसले. एटीएक्स या डेस्कटॉप एसएमपीएसच्या मानकाची ५ टक्क्यांची सूट धरता खालची हद्द ११.४ व्होल्ट आहे, म्हणजे आकडा अजून हद्दीत आहे. पण क्षणार्धाची घसरण साधा मल्टीमीटर पकडू शकत नाही, हेही खरे.

आणखी एक गोष्ट येथे महत्त्वाची असू शकते. आमच्याकडे संध्याकाळी भिंतीतल्या सॉकेटवर १९५ व्होल्टपर्यंत दाब उतरतो, आणि एसएमपीएसच्या लेबलावर इनपुट २०० ते २४० व्होल्ट असे छापले आहे. मध्यरात्रीनंतर २२८ व्होल्ट मिळत असताना संगणक जास्त वेळ तग धरतो, पण शेवटी बंद पडतोच. यूपीएस ६०० व्हीएचा आहे. तो वगळून थेट सॉकेटला जोडूनही पाहिले आहे.

बंद पडल्यावर मागचा स्विच बंद-चालू करावा लागणे, हे एसएमपीएसमधील संरक्षक मंडळ (धोका दिसताच वीज तोडणारे सर्किट) ट्रिप होऊन तसेच अडकल्याचे लक्षण आहे, असे माझे मत आहे. पण असे मंडळ बाहेरच्या शॉर्टमुळेही ट्रिप होऊ शकते, आणि त्याच आधारावर दुरुस्तीवाले बोर्डाकडे किंवा कार्डाच्या स्लॉटकडे बोट दाखवतात. तेव्हा माझे प्रश्न असे: बोर्डाचा दोष असता, तर वीजमर्यादा ७० टक्के केल्यावर संगणक इतका निर्वेध चालला असता का? ताणाखालची ११.६ व्होल्टची नोंद सात वर्षांहून जुन्या एसएमपीएससाठी चिंतेची मानावी का? गावात मागून आणता येण्याजोगा एसएमपीएस ४५० वॉटचा आहे, त्यालाही ८ पिनांची तार आहे. तेवढ्यावर घेतलेली चाचणी निर्णायक ठरेल का, की आधी नवा ६५० वॉटचा, १०० ते २४० व्होल्ट इनपुटचा घ्यावा?

कोणाला हीच लक्षणे आली असतील, तर शेवटी कोणता भाग बदलावा लागला ते कृपया कळवावे. आणखी एखादे मोजमाप हवे असल्यास सांगावे, मल्टीमीटर हाताशी आहे.